सुलभाताईंचं कोष्टक

सुलभाताई शिर्के आयसीयूत आल्या की आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, खाटेला खाली टांगलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत. पिशवी भरलेली असली तर मग नजर वर चेहऱ्याकडे जायची. नसली तर तिथेच उकिडव्या बसून मला विचारायच्या, "मीना, कालपासून एवढीच?" विचारण्याचा सूर असा, की जणू उरलेली मी कुठेतरी लपवून ठेवली आहे.

त्या आमच्या रुग्णालयाच्या फार्मासिस्ट. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं काम तळघरातल्या औषधभांडारातलं. पण आयसीयूचे मुख्य डॉक्टर देसाई यांनी एकदा त्यांना कसल्याशा शंकेसाठी वर बोलावलं, आणि त्यानंतर त्या रोज सकाळी वर येतच राहिल्या. कुणी ये म्हणालं नाही, कुणी नको म्हणालं नाही. सगळं रुग्णालय त्यांना सुलभाबेन म्हणायचं. मी एकटी ताई म्हणायची, कारण आमच्या दोघींच्याच घरी मराठी. त्या रावपुऱ्यातल्या, तीन पिढ्यांच्या बडोदेकर. त्यांचे आजोबा संस्थानाच्या कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क होते म्हणे, आणि अक्षर त्यांचंच उतरलंय असं त्या सांगायच्या. अक्षर खरोखरच सुंदर होतं.

उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, पांढरा कोट गुडघ्यांच्या खाली आलेला. खिशात हिरवं पेन. डॉक्टर राउंडला निघाले की प्रत्येक जण औषध वाढवायच्या गोष्टी करायचा. ताप आहे, हे वाढवा. रक्तदाब पडतोय, ते लावा. ताई सगळ्यांच्या मागे उभ्या असायच्या आणि खाट सोडण्याआधी विचारायच्या, "बराबर. आणि आज काढायचं काय?" नव्या डॉक्टरांना आधी राग यायचा. मग सवय व्हायची. काहींना तर ती सवय इतकी लागली, की ताई रजेवर असल्या तरी कुणीतरी त्यांच्या आवाजात ते वाक्य म्हणायचं आणि सगळे हसायचे.

अँटिबायोटिकवर त्यांचा विशेष डोळा. आयसीयूत येणारी माणसं मरणाच्या दारात असतात, जंतू साध्या औषधांना दाद देत नाहीत, मग जुनी, जहाल औषधं काढावी लागतात. ती जंतूंना मारतात आणि जाता जाता मूत्रपिंडं, कान, नसा, मेंदू, जे सापडेल ते पकडतात. "औषध दिलं म्हणजे काम संपलं असं समजू नका गं," त्या आम्हा सिस्टरांना सांगायच्या. "ते आत गेलंय. आता ते बाहेर कसं येणार, ते बघायला कुणीतरी बसायला नको?" बसायला त्या असायच्या.

वजनावरून त्यांची सगळ्यांशी भांडणं. पेशंटचं वजन नातेवाइकांना विचारून लिहिणं त्यांना खपायचं नाही. "साठ-पासष्ट हशे" असं कुणी अंदाजानं म्हटलं की चार माणसं बोलावून, झोळी लावून, बेशुद्ध माणसाला तोलायला लावायच्या. आमच्या कमरा मोडायच्या. एकदा पासष्टचे एक्केचाळीस निघाले. ताईंनी हिरव्या पेनाने आकडा लिहून त्याला गोल केला. त्यांच्याकडे एक जुनं चावीचं घड्याळ होतं. कानांवर परिणाम करणारं औषध चालू असलं की रोज ते पेशंटच्या एकेका कानाशी धरायच्या आणि टिकटिक ऐकू येते का विचारायच्या. यंत्रानं करायची तपासणी ही, पण यंत्र दुसऱ्या इमारतीत आणि पेशंट इथे नळ्यांनी बांधलेला. एक मिल कामगार म्हणाला होता, "बेन, वाजतंय, पण दहा मिनिटं मागे आहे." ताई आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होत्या.

हरणीतले एक निवृत्त बँक अधिकारी आठवतात. न्यूमोनिया होऊन आले, बरे होत होते, आणि अचानक बरळू लागले. हवेतून धागे काढायचे, मनगटं झटकायची, बायकोला ओळखेनात. मेंदूचे फोटो निघाले, स्वच्छ. कुणी म्हणालं जंतू मेंदूत गेले, कुणी म्हणालं वय झालं. परदेशातला मुलगा विमानात बसला. ताईंनी औषधांचा कागद खालून वर वाचला, नेहमीसारखा, आणि म्हणाल्या, "ह्यांच्या किडन्या अर्ध्यावर आल्यात आणि इंजेक्शन पूर्ण चाललंय. बाहेर जात नाही, साचतंय. डोक्यात चढलंय." डॉ. देसाईंनी औषध बदललं, दोनदा डायलिसिस केलं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी चहा मागितला, आणि मुलगा समोर दिसताच रजा का वाया घालवलीस म्हणून त्याला फैलावर घेतलं. ताई खाटेपाशी उभ्या होत्या. त्यांना त्या कुटुंबातल्या कुणी ओळखलंही नाही. पेढे डॉक्टरांना मिळाले, त्यातला एक डॉक्टरांनी ताईंना दिला.

दर शनिवारी त्या रावपुऱ्यातून सेव-उसळ आणायच्या, तर्री वेगळ्या डब्यात. आम्हाला मीठ कमी, तेल कमी असे उपदेश करणारी ही बाई तर्री अशी ओतून घ्यायची की बघून माझं पोट जळायचं. "माझ्या किडन्या मला माहीत आहेत," म्हणायच्या. नवरा लवकर गेला होता. मुलगा पुण्यात होता. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी त्या उशिरापर्यंत रेंगाळायच्या, आणि आम्ही त्याचा फायदा घ्यायचो. गुणाकार-भागाकाराचं काहीही असलं की ताई.

आम्हा सिस्टरांची गणितातली भीती त्यांना ठाऊक होती. म्हणून त्यांनी एक कोष्टक करून औषधखोलीच्या भिंतीवर लावलं होतं. कोलिस्टिन नावाचं एक इंजेक्शन आहे, सगळे उपाय थकले की देतात. डॉक्टर त्याचा डोस युनिटमध्ये लिहितात आणि कुपीवर कधी युनिट, कधी मिलिग्रॅम असतं. म्हणून ताईंनी एका बाजूला युनिट, दुसऱ्या बाजूला मिलिग्रॅम असा तक्ता त्या सुंदर अक्षरात लिहिला होता, वर प्लास्टिक चढवलं होतं. आम्ही बघायचो आणि भरायचो. कितीतरी वर्षं. त्या कोष्टकात कधी चूक निघाली नाही.

त्यात एक गोष्ट नव्हती. ह्या औषधाचे मिलिग्रॅम दोन तऱ्हांनी मोजतात. भुईमुगासारखं समजा: काही कंपन्या शेंगांचं, म्हणजे टरफलासकट वजन लिहितात, काही नुसत्या दाण्यांचं, म्हणजे आतल्या खऱ्या औषधाचं. आमच्याकडे वर्षानुवर्षं शेंगांवालीच कुपी यायची. ताईंना दोन्ही तऱ्हा माहीत होत्या. पण आपल्याकडे येतच नाही ते लिहून पोरींना कशाला गोंधळात टाका, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. आमच्यावरची माया होती ती.

गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सहा दिवस रजा. त्याच आठवड्यात नेहमीच्या कंपनीचा माल संपला आणि दुसऱ्या कंपनीच्या कुप्या वर आल्या.

आमच्याकडे तेव्हा किरण होती. डभोईची, चोवीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता, दोन ऑपरेशनं झाली होती, आणि पुवातले जंतू कोलिस्टिनशिवाय कशालाच बधत नव्हते. वडील नटुभाई, डभोईत सायकलदुरुस्तीचं दुकान. ते बाहेरच्या बाकावर बसलेले असायचे आणि कुणीही पांढऱ्या कपड्यातलं बाहेर आलं की उभे राहायचे. किरण मला मासी म्हणायची. पोट शिवलेलं असताना हसू नको म्हटलं तरी हसायची.

नवीन कुपी हातात घेतली तेव्हा मी भिंतीकडे बघितलं. कुपीवर मिलिग्रॅम दाण्यांचे, भिंतीवर मिलिग्रॅम शेंगांचे, म्हणजे शेंगांच्या आकड्याएवढे नुसते दाणेच जाणार. हे आज कळतंय. तेव्हा एवढंच दिसलं की नेहमीपेक्षा जास्त कुप्या फोडाव्या लागताहेत. मी इन्चार्ज सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "कोष्टक छे ने? पछी शुं?" कोष्टक आहे, मग विचारायचं काय? मी भरलं. पुढच्या पाळीतल्या दोघींनीही तसंच भरलं. डोस अडीच पटीच्या वर जात होता.

दुसऱ्या दिवशी किरण म्हणाली, "मासी, होठे खाली चडे छे." ओठांना मुंग्या येत होत्या, बधिर वाटत होते. ह्या औषधावर असलेल्या प्रत्येक पेशंटला ओठांबद्दल विचारा, हे ताईंनी मला कितीदा सांगितलं असेल. त्या दुपारी दोन नवे पेशंट आले होते. मी तिच्या ओठांवरून ओला कापूस फिरवला, तापाने होतं असं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. हे मी कुठे लिहिलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी तिचे हात उचलेनात. दुपारी श्वास उथळ झाला, नळी घालून मशीनवर घ्यावं लागलं. लघवी थांबली. सगळ्यांनी तेच म्हटलं जे कुणीही म्हटलं असतं, की जंतू जिंकताहेत. नटुभाईंना तसं सांगण्यात आलं. औषध चालू राहिलं.

सोमवारी सकाळी ताई आल्या, डोळ्यांवर तो काळा मोठा चष्मा. किरणच्या खाटेशी आल्या, पिशवी बघितली, कागद खालून वर वाचला. मग औषधखोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी कुपी खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि उजेडात डोळे मिटमिटवत लेबल वाचलं. दोनदा वाचलं. नंतर भिंतीवरचं कोष्टक नखांनी सोलून काढलं. प्लास्टिक चिकटलं होतं, तुकडे तुकडे आले.

"सिरिंज कुणी भरली, मीना?"

"आम्ही तिघींनी. पाळीपाळीनं."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी भरली. अक्षर माझं आहे." आणि तुकडे कोटाच्या खिशात घालून बाहेर गेल्या.

पुढचं सगळं त्यांनी अगदी रोजच्यासारखं केलं. औषध थांबवलं. डॉ. देसाईंना काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. जंतूंसाठी दुसरं काय देता येईल ते ठरवलं, मूत्रपिंडांना त्रास देणारं जे जे चालू होतं त्यावर हिरवी रेघ मारली. ह्या औषधावर उतारा नाही. डायलिसिसनं रक्तातलं पोटॅशियम आणि आम्ल निघतं, औषध फारसं निघत नाही. मशीननं श्वास देत राहायचं आणि ते उतरायची वाट बघायची. मग त्या किरणच्या कानाशी वाकल्या. "किरण, बेटा, डाबी बाजू जो." पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. खालची बुबुळं डावीकडे सरकली. ती जागी होती. स्नायू गेले होते, ती गेली नव्हती. दीड दिवस आम्ही तिच्या डोक्यावर उभं राहून ही जगत नाही असं बोलत होतो.

"हिला झोपेचं औषध सुरू करा," ताई म्हणाल्या. "आणि इथे उभं राहून काही बोलू नका."

दुपारी वरच्या मजल्यावर बैठक झाली. तिथे ठरलं की नातेवाइकांना औषधाची रिअ‍ॅक्शन आली असं सांगायचं. खोटं नाही ते, असं एक जण म्हणाला. ताई ऐकून घेऊन खाली आल्या आणि सरळ बाकापाशी गेल्या. नटुभाई उभे राहिले. ताई त्यांना बसवून शेजारी बसल्या. मी दारात होते. त्यांनी सांगितलं की मुलीला औषध खूप जास्त गेलं, त्याने तिचा श्वास आणि किडन्या बंद पडल्या, आणि ज्या कागदावरून ते मोजलं तो मी लिहिला होता. माझं नाव सुलभा शिर्के.

नटुभाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तो हवे थोडी काढी लो ने, बेन."

थोडं परत काढून घ्या.  ताईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांना रडताना मी कधीच बघितलं नाही, तेव्हाही नाही. मलाही रडू आलं नाही. मी आत जाऊन चार वाजताची तापमानं लिहिली.

त्यानंतर त्या रोज सकाळी किरणशी बोलायच्या. झोपेचं औषध थोडा वेळ कमी केलं की तिला तारीख सांगायच्या, काय झालंय ते सांगायच्या, आज किती सुधारणा आहे, नसली तर नाही म्हणून सांगायच्या. पाचव्या दिवशी अंगठा हलला. पुढच्या आठवड्यात श्वास तिचा ती घ्यायला लागली. पोटातला पू सुकला. ती वाचली. लघवी मात्र आली नाही. रोज सकाळी ताई खाली वाकून पिशवी बघायच्या, आणि रोज तळाशी चमचाभर पिवळं पाणी. डॉ. देसाई म्हणाले की एवढ्या मोठ्या इन्फेक्शननंही किडन्या जातात, सगळं औषधाचंच असेल असं नाही. "असेल," ताई म्हणाल्या. "पण कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

विचारलं. समिती बसली. ताईंनी तीन ओळींचं निवेदन दिलं, त्यात आम्हा तिघींचा उल्लेख नव्हता. मला बोलावलं तेव्हा मी एवढंच म्हणाले की कोष्टकाप्रमाणे भरलं. ते खरं होतं. ओठांचं मी सांगितलं नाही, कुणी विचारलंच नाही. निवृत्तीला काही महिने उरले असताना ताईंना घरी बसवलं गेलं. भिंतीवर आता छापील तक्ता आहे, दोन्ही मापं असलेला. अक्षर कुणाचंच नाही.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की लिहिता लिहिता लाज वाटेल. तेव्हापासून मला नीट असं काहीच वाटत नाही. मी बदली मागून डायलिसिस विभागात आले, तिथे काम तेच तेच असतं आणि ते बरं पडतं. किरण मंगळवार, गुरुवार, शनिवार येते, डभोईहून, वडिलांबरोबर बसनं. बालवाडी सुटली. आली की मासी करून हाक मारते, घरचे ठेपले आणते. चार तास मशीनला जोडलेली असताना मोबाइलवर लहान मुलांच्या गाण्यांचे व्हिडिओ बघते. तिच्या हाताची नस नाजूक आहे, माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ती सुई टोचू देत नाही.

गुरुवारी ताई यायच्या. आत कधी आल्या नाहीत. जिन्याजवळच्या बाकावर बसायच्या, काचेच्या दारातून खाटेचा पायाकडचा भाग दिसतो तेवढा बघायच्या. मी बाहेर गेले की वजन किती भरलं, पोटॅशियम किती, रक्त वाढतंय का, एवढं विचारायच्या. एखादं औषध चुकीचं वाटलं तर मला चिठ्ठी द्यायच्या आणि मी ती डॉक्टरांना माझी म्हणून सांगायची. दोनदा त्यांचं बरोबर निघालं. नटुभाई त्यांना बघून मान हलवायचे आणि चहा प्यायला खाली जायचे.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी मी किरणची खाट लावत होते, तेव्हा ती दाराकडे न बघता म्हणाली, "मासी, पेलां बेनने कहो ने, ना आवे." मी चादर सारखी केली. ती म्हणाली, "मने एमनो अवाज संभळाय छे. पेला दिवसोनो." त्या दिवसांतला आवाज तिच्या कानात आहे. अंग हलत नव्हतं तेव्हा रोज सकाळी खरं काय ते सांगणारा. त्या दिवसांतला तोच एक आवाज तिला आठवतो, कारण बाकी आम्ही कुणी तिच्याशी बोलतच नव्हतो.

मी बाहेर गेले. ताई बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर. मी त्यांना शब्द थोडे मऊ करून सांगितलं. त्यांना मऊ केलेलं लगेच कळायचं.

"येऊ नका म्हणाली?"

"हो."

"बरोबर आहे तिचं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आज पोटॅशियम किती आलं?" मी आकडा सांगितला. "मग ठीक आहे," म्हणत त्या उठल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून वळल्या. मला वाटलं आता त्या माझ्याबद्दल काही म्हणतील. गेलं वर्षभर मी त्याचीच वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "जा, तिला ताटकळत ठेवू नकोस," आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

मी आत आले. किरणनं विचारलं, "गयां?"

"गयां," मी म्हणाले.

तिनं मोबाइल बाजूला ठेवला, बाही वर केली आणि हात माझ्यापुढे केला. मी सुई घेतली.